बातमी त्यांना कळली कशी? वर्तमानपत्र नव्याने वाचू लागणाऱ्यांसाठी

बातम्या फक्त फोनवरून येतात, त्यातल्या खऱ्या कुठल्या हे कळेनासं झालंय, म्हणून आता एखादं चांगलं वर्तमानपत्र लावावं असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. पत्रकारितेची काहीही माहिती नसली तरी चालेल. रोज अर्धा तास आणि एक प्रश्न एवढं पुरतं. प्रश्न असा: ही बातमी देणाऱ्याला ती कळली कशी? तो स्वतः तिथे हजर होता, त्याने कागद पाहिले, कुणी नावानिशी सांगितलं, की नुसतंच कानावर आलं? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नातूनच निघतात.

एवढी मेहनत का घ्यायची, तेही सांगते. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार खऱ्याखोट्या गोष्टी त्यांनी तपासल्या. खोटी गोष्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या गोष्टीला साधारण सहापट वेळ लागत होता. स्वयंचलित खाती वगळून पाहिलं तरी चित्र तेच राहिलं, म्हणजे हे माणसंच करत होती. ज्या वाटेने बातमी आपल्याकडे सगळ्यांत आधी येते, त्या वाटेवर खोट्याला आधीच फायदा मिळालेला असतो. वर्तमानपत्राची वाट हळू आहे. बातमीदार, उपसंपादक, वृत्तसंपादक अशा दोनतीन हातांतून मजकूर जातो, आणि हा उशीर वाचकाच्या फायद्याचा असतो.

पहिली पायरी: वर्तमानपत्र निवडणं

कुठलं वर्तमानपत्र विश्वासाचं, असं विचारलं की बहुतेक जण आपल्याला पटणारी मतं मांडणाऱ्याचं नाव सांगतात. ही कसोटी फसवी आहे. चांगल्या वर्तमानपत्राच्याही चुका होतात. त्या चुकांचं ते पुढे काय करतं, हे पाहायला हवं.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चा बातमीदार जेसन ब्लेअर याने अनेक बातम्या रचून किंवा दुसरीकडून उचलून दिल्याचं २००३ साली उघड झालं. ११ मे २००३ च्या अंकात त्याच वर्तमानपत्राने पहिल्या पानापासून सुरू होणारा ७ हजारांहून जास्त शब्दांचा वृत्तांत छापला. कुठल्या बातमीत काय खोटं होतं, हे स्वतःच एकेक करून सांगितलं. पुढच्या वर्षी, २६ मे २००४ ला, इराकमधल्या संहारक अस्त्रांविषयीच्या आपल्या काही बातम्या पुरेशा कठोरपणे तपासल्या गेल्या नव्हत्या, असं संपादकांनी वाचकांना लिहून कळवलं. लंडनच्या ‘गार्डियन’ने १९९७ पासून वाचकांच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र ‘वाचक-संपादक’ नेमला आणि चुकांच्या दुरुस्त्यांसाठी रोजची जागा ठेवली. या वर्तमानपत्रांशी प्रत्येक बाबतीत सहमत व्हायची गरज नाही. त्यांची चूक पकडता येते आणि पकडली की ती छापून येते, एवढं माझ्या दृष्टीने पुष्कळ आहे.

म्हणून वर्गणी भरण्याआधी आठवडाभर अंक चाळा. ‘दुरुस्ती’ किंवा ‘खुलासा’ अशी चौकट कुठे दिसते का? बातम्यांवर बातमीदाराची नावं असतात का? संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि कार्यालयाचा पत्ता कुठे छापलाय? अनेक देशांत ही ओळ कायद्याने बंधनकारक आहे आणि ती बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडते. अग्रलेख आणि लेख बातम्यांपासून वेगळ्या पानावर आहेत का? जाहिरातीचा मजकूर बातमीच्या वेशात छापला असेल, तर त्यावर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं स्पष्ट लिहिलंय का?

मग एक परीक्षा घ्या, माझ्या मते सगळ्यांत खात्रीची. तुम्हाला ज्यातलं खरंच कळतं असा विषय निवडा. तुमचा व्यवसाय, तुमचा खेळ, तुमचं शिक्षण, काहीही. त्या विषयावरच्या चारपाच बातम्या वाचा. नावं, आकडे, क्रम बरोबर आहेत का? तांत्रिक गोष्ट सोपी करताना तिचा अर्थ बदललाय का? इथे सतत ढिसाळपणा दिसत असेल, तर जे विषय तुम्हाला कळत नाहीत तिथेही तोच असणार असं धरून चाला.

मालक कोण आहे, त्याचे इतर उद्योग कुठले, हेही पाहून ठेवा. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ २०१३ पासून अॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांच्या मालकीचं आहे, आणि अॅमेझॉनविषयीच्या बातम्यांत ते वर्तमानपत्र वाचकाला हे नातं सांगतं. मालकाच्या धंद्याविषयी तुमच्या वर्तमानपत्रात काय येतं आणि काय कधीच येत नाही, याकडे वर्षभर लक्ष राहू द्या.

ही माहिती त्या वर्तमानपत्राच्याच ‘आमच्याविषयी’ पानावर शोधू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि तथ्यपडताळणीचं काम करणारे पत्रकार अशा ४५ जणांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. पहिल्या दोन गटांतले बरेच जण त्याच पानावर रेंगाळले. मांडणी, बोधचिन्ह, भारदस्त नाव यांवरून त्यांनी अंदाज बांधले आणि फसले. पडताळणीवाले मात्र जवळजवळ लगेच ते पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधू लागले. कुठल्याही अनोळखी बातमीस्थळाला हीच रीत लावा.

शक्य असेल तर दोन वर्तमानपत्रं ठेवा: एक तुमच्या परिसराची बातमी देणारं आणि एक मोठ्या आवाक्याचं, ज्याची भूमिका पहिल्यापेक्षा थोडी वेगळी आहे असं. याहून जास्त सुरुवातीला नकोतच. पाच घेतली तर एकही पूर्ण वाचून होत नाही.

दुसरी पायरी: थेट जाणं

छापील अंक घ्या, ई-पेपर घ्या किंवा संकेतस्थळ वाचा, पण तिथे स्वतः जा. पत्ता एकदा नीट टाइप करून बुकमार्क करून ठेवा. कुणी पाठवलेल्या लिंकवरून वर्तमानपत्रात शिरायची सवय मोडा. २०२२ मध्ये खोट्या माहितीचा माग काढणाऱ्या ‘ईयू डिसइन्फोलॅब’ या संस्थेने एक मोठी मोहीम उघडकीस आणली. ‘गार्डियन’, ‘श्पिगेल’, ‘बिल्ड’ अशा नामांकित वृत्तसंकेतस्थळांची हुबेहूब बनावट पानं बनवून त्यांवर रशियाच्या बाजूचा प्रचार बातमी म्हणून टाकला जात होता. अक्षरं, रंग, मांडणी, सगळं मूळासारखं होतं. फरक होता तो वरच्या पट्टीतल्या पत्त्याच्या शेपटात. अशी पानं शोधून कुणी जात नाही. लोक तिथे लिंकवरूनच पोहोचतात.

सूचनांचे आवाज बंद करा. दिवसाची एक वेळ ठरवा. जमत असेल तर पैसे भरून वाचा, कारण बातमीदाराला महिनोन्‌महिने एकाच विषयावर बसवायला खर्च येतो. २०१६ च्या ‘पनामा पेपर्स’मध्ये, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या आड लपवलेल्या पैशांविषयीच्या फुटलेल्या दस्तऐवजांत, १ कोटी १५ लाख कागदपत्रं होती. ‘झ्यूडडॉइच त्साइटुंग’ या जर्मन दैनिकाच्या हाती ती लागली आणि शंभरहून अधिक माध्यमसंस्थांच्या पत्रकारांनी मिळून ती वाचली. असं काम फुकट होत नाही.

तिसरी पायरी: बातमी उलगडून वाचणं

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या.

मथळ्यापासून सुरुवात करू. मथळा बहुधा बातमीदार देत नाही. तो उपसंपादक देतो, थोड्या जागेत आणि घाईत. त्यामुळे बातमीत ‘शक्यता’ असते आणि मथळ्यात ती ‘खात्री’ होऊन बसते. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल, तर बातमीत त्या प्रश्नाचं ठाम उत्तर असेलच असं नाही. फक्त मथळा वाचून कुणाला काही सांगायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

मथळ्याखाली श्रेय असतं. बातमीदाराचं नाव असेल तर ती त्याने मिळवलेली आहे आणि तिची जबाबदारी त्याची आहे. ‘विशेष प्रतिनिधी’ म्हणजे बातमी वर्तमानपत्राच्याच माणसाची, पण नाव दिलेलं नाही. ‘वृत्तसंस्था’ असेल तर मजकूर बाहेरून आलाय. ही गोष्ट नीट समजून घ्या. रॉयटर्स १८५१ पासून, असोसिएटेड प्रेस १८४६ पासून हेच काम करतात: एक बातमीदार घटनास्थळी असतो आणि त्याची बातमी जगभरच्या शेकडो वर्तमानपत्रांत जाते. हे काम मोलाचं आहे. पण ‘दहा वर्तमानपत्रांत आलंय, म्हणजे खरंच’ हा तर्क इथे कोसळतो. दहाही ठिकाणी एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर असेल, तर तुमच्याकडे साक्षीदार एकच आहे. दोन वर्तमानपत्रांच्या स्वतःच्या बातमीदारांनी वेगवेगळ्या मार्गांनी तेच शोधलं असेल, तेव्हा बातमीचं वजन वाढतं.

आता मजकुरात शिरा आणि प्रत्येक महत्त्वाच्या विधानापाशी थांबून विचारा: हे कुणी सांगितलं? सुरुवातीला पेन्सिल घेऊन त्या शब्दांखाली रेघ मारा. थोड्याच दिवसांत डोळे ते आपोआप टिपू लागतात.

बातमीदाराने स्वतः पाहिलेलं असेल, तर तपशिलांवरून कळतं. जागा, वेळ, कोण काय करत होतं, सगळं असतं. कागदाचा आधार असेल तर कुठला कागद, कुणी काढलेला, कुठल्या तारखेचा, हे लिहिलेलं असतं: न्यायालयाचा निकाल, लेखापरीक्षणाचा अहवाल, कंपनीचा ताळेबंद. नाव आणि हुद्द्यासह एखाद्याने सांगितलेलं असेल, तर ते चुकलं तर त्या माणसाला जाब विचारता येतो. ही तिन्ही भक्कम उगमस्थानं आहेत.

त्यापुढे जमीन मऊ होत जाते. ‘नाव न छापण्याच्या अटीवर एका अधिकाऱ्याने सांगितले’ यात वाईट काही नाही. नोकरी किंवा जीव धोक्यात असलेल्या माणसाला असा आडोसा देऊनच कित्येक मोठी प्रकरणं बाहेर आली आहेत. फक्त त्या माणसाला हे माहीत असणं कसं शक्य आहे आणि नाव का लपवलं, हे चांगलं वर्तमानपत्र शक्य तेवढं सांगतं. ‘बैठकीला हजर असलेल्या दोघांनी सांगितले’ आणि नुसतं ‘सूत्रांनी सांगितले’ यांत पुष्कळ अंतर आहे. त्याहून खाली ‘असे समजते’, ‘अशी चर्चा आहे’, ‘असे बोलले जाते’. कोणाला समजतं? कोण बोलतं? उत्तर नसेल तर ते वाक्य मनात ‘कच्चं’ असा शेरा मारून बाजूला ठेवा. सगळ्यांत तळाला ‘समाजमाध्यमांवर व्हायरल’. तिथे वर्तमानपत्राने स्वतः काही तपासलंय का, एवढंच शोधा. तपासलेलं नसेल, तर तुमच्या फोनवरचा फॉरवर्डच कागदावर छापून आलाय.

‘म्हणाले’ या क्रियापदाशी जरा थांबायला हवं. पुढारी म्हणाला की अमुक घडलं, तेव्हा बातमी एवढीच असते की तो तसं म्हणाला. तसं खरंच घडलं का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधणं बातमीदाराचं काम आहे. पत्रकार परिषदेतलं विधान जसंच्या तसं देऊन बातमी संपत असेल, तर काम अर्धं झालंय. तसंच पोलिसी आणि न्यायालयीन बातम्यांचं. गुन्हा दाखल होणं, अटक होणं, आरोपपत्र दाखल होणं आणि दोषी ठरणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ यांतला फरक ज्या वर्तमानपत्राला कळत नाही, त्याच्यावर मी विसंबत नाही, कारण या एका शब्दाने निर्दोष माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं.

शेवटी, दुसरी बाजू. ज्याच्यावर आरोप आहेत त्याला विचारलं का? ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ असं असेल तर कधी, कसा प्रयत्न केला हे लिहिलंय का? मात्र दोन बाजू दिल्या म्हणजे बातमी समतोल झाली असंही नाही. एका बाजूला भरभक्कम पुरावा आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ दावा असेल, तर दोघांना सारखी जागा देणं हीच वाचकाची दिशाभूल आहे.

चौथी पायरी: आकडे आणि ‘संशोधन’

‘दुप्पट वाढ’ वाचलं की विचारा, किती होते आणि किती झाले. एकाचे दोन झाले तरी दुप्पटच. सर्वेक्षण असेल तर किती जणांना विचारलं, त्यांना निवडलं कसं, पैसे कुणी दिले ते शोधा.

आरोग्याच्या बातम्यांत तर कमालीची सावधगिरी हवी. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) जोडला गेला. तो निबंध फक्त १२ मुलांविषयी होता. अनेक वर्तमानपत्रांनी ही भीती मोठ्या मथळ्यांनी पसरवली आणि लस घेणाऱ्यांचं प्रमाण घसरलं. पुढे २००४ पासून ‘संडे टाइम्स’साठी ब्रायन डिअर या पत्रकाराने त्या कामामागचे पैशांचे संबंध आणि नोंदींमधल्या विसंगती खणून काढल्या. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला. वर्तमानपत्रं किती नुकसान करू शकतात आणि किती चिकाटीने सत्य शोधू शकतात, हे दोन्ही या एका प्रकरणात दिसतं. वाचकाने लक्षात ठेवायचं ते ‘१२’. आकडा पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर होता.

पाचवी पायरी: घडत असलेल्या घटनेत थांबणं

स्फोट, अपघात, निवडणूक, युद्ध. पहिल्या काही तासांतल्या बातम्यांत चुका असणारच. ३ नोव्हेंबर १९४८ च्या ‘शिकागो ट्रिब्यून’ने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत ड्यूईंनी ट्रुमन यांना हरवल्याचा ठळक मथळा छापला. मुद्रकांच्या संपामुळे अंक नेहमीपेक्षा कितीतरी आधी छपाईला द्यावा लागत होता आणि मतमोजणी पुरी झालेली नव्हती. जिंकले ट्रुमन. २२ मे २०२३ ला अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयाजवळ, पेंटॅगॉनजवळ, स्फोट झाल्याचं बनावट छायाचित्र पसरलं. निळी खूण असलेल्या खात्यांनीही ते उचललं आणि शेअर बाजार काही वेळ हलला. स्थानिक अग्निशमन दलाने असं काही घडलंच नसल्याचं सांगितल्यावर प्रकरण थंडावलं.

अशा वेळी तुमच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर अधिकृत यंत्रणेच्या सूचना पाहा. नसेल, तर दुसऱ्या दिवशीच्या अंकापर्यंत थांबा. मृतांचा आकडा, हल्लेखोराचं नाव, कारण, या तीन गोष्टी तोवर कुणालाही पुढे पाठवू नका. संकेतस्थळावर वाचत असाल तर बातमी शेवटची कधी बदलली ती वेळ पाहा. जुनी आवृत्ती पाहायची असेल तर संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये पुष्कळदा सापडते.

सहावी पायरी: फॉरवर्ड आला की

वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो हा हल्ली फसवणुकीचा आवडता मार्ग आहे. छापलेलं दिसलं की आपला विश्वास बसतो. कात्रणावर तारीख आणि आवृत्ती आहे का ते बघा आणि त्या दिवसाचा ई-पेपर उघडा. मोठ्या वर्तमानपत्रांच्या आवृत्त्यांतली पानं वेगळी असतात, त्यामुळे एका आवृत्तीत सापडलं नाही म्हणून लगेच खोटं ठरवू नका. दोनतीन आवृत्त्या पाहा, मथळ्यातले शब्द शोधून पाहा. छायाचित्र असेल तर त्याचा उलटा शोध घ्या: चित्र शोधयंत्रात टाकलं की ते आधी कुठे आणि कधी आलं होतं ते दिसतं. वर्षांपूर्वीचा, भलत्याच देशातला फोटो आजच्या घटनेला चिकटवलेला असणं फार नेहमीचं आहे. पडताळणी संस्थांनी ते आधीच तपासलंय का तेही पाहा. त्यांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याची स्थापना २०१५ मध्ये झाली आणि त्याच्या सदस्यांना ठरलेली आचारसंहिता पाळावी लागते.

तोच खोटा मजकूर ‘बघा, किती खोटं आहे’ म्हणून पुढे पाठवू नका. एखादं विधान पुन्हापुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे १९७७ मध्येच मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवलंय. आणि कुटुंबाच्या गटात काकांनी किंवा आत्याने काही चुकीचं पाठवलं, तर सगळ्यांसमोर खोडून काढू नका. त्यांना वेगळा निरोप करा: ‘काका, मलाही वाचून धक्का बसला, म्हणून शोधलं. हा फोटो जुना निघाला, ही बघा मूळ बातमी. तुम्हीच गटात सांगाल का?’ माणूस दुखावला नाही तर पुढच्या वेळी पाठवण्याआधी तुम्हालाच विचारतो.

सातवी पायरी: चूक दिसली तर कळवणं

नवे वाचक हे करत नाहीत, आणि ते करायलाच हवं. संपादकांना पत्र किंवा ईमेल लिहा. तारीख, पान, मथळा, चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, बरोबर काय आहे आणि त्याचा पुरावा, एवढंच. पाच ओळी पुरतात. ‘तुम्ही विकले गेला आहात’ असं लिहिलं की पत्र बाजूला पडतं. ‘पान तीनवरच्या बातमीतला आकडा अहवालाच्या तक्त्याशी जुळत नाही, तक्ता सोबत जोडला आहे’ असं लिहिलं की कुणाला तरी तो तक्ता उघडावाच लागतो. मत पटलं नाही म्हणून दुरुस्ती मागू नका. त्यासाठी वाचकांच्या पत्रव्यवहाराची जागा आहे. मग पंधरा दिवस दुरुस्तीच्या चौकटीवर लक्ष ठेवा. ठोस पुरावा देऊनही तुमच्या आणि इतरांच्या पत्रांना वारंवार काहीच उत्तर येत नसेल, तर वर्गणी संपेल तेव्हा दुसरं वर्तमानपत्र लावा, आणि का बदललं ते पहिल्या वर्तमानपत्राला लिहून कळवा.